कॉस्टिकशिवाय साबण होत नाही

कोकण मेव्याच्या दुकानांत आगळ, आमसुलं आणि फणसपोळीच्या शेजारी हल्ली कोकमतेलाच्या साबणाच्या वड्याही दिसतात. वड्या छान असतात. पण एखाद्या वेष्टनावर 'कॉस्टिकविरहित', म्हणजे कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) न वापरता केलेला, असं छापलेलं असतं, आणि ते खरं असूच शकत नाही.

तेल असो वा चरबी, तिच्या रेणूत एका ग्लिसरॉलला (म्हणजे ग्लिसरीनला) तीन मेदाम्लं (फॅटी ॲसिड) जोडलेली असतात. फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्हरल यांनी प्राण्यांच्या चरबीवर काम करून ही घडण उलगडली; त्यांचा ग्रंथ १८२३ साली निघाला. कॉस्टिक सोडा हा जोड तोडतो. सुटलेलं मेदाम्ल सोडियमशी जुळतं आणि तोच साबण. ग्लिसरीन वडीतच राहतं. कोणी राखेच्या निवळीत चुना घालून साबण करत असेल, तर त्यानेही कॉस्टिकसारखाच क्षार वापरला. फक्त सोडियमऐवजी पोटॅशियम आलं आणि साबण मऊ झाला. १०० ग्रॅम कोकमतेलाला साधारण १३.५ ग्रॅम कॉस्टिक लागतो. तो थोडा कमीच घातला, तर वडी मुरेपर्यंत सगळा संपतो आणि थोडं तेल शिल्लक राहतं. भीती बाळगायची ती करताना: कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं वापरायचं नाही. कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो.

आता खरी गंमत. कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर तरंगतं आणि निवलं की घट्ट होतं. मुठीने वळलेले त्याचे गोळे म्हणजे आपलं मुठेल. युरोपात बैलाची चरबी पाण्यात कढवून साबणासाठी साफ करत, तिचीही रीत अशीच. पण झाडाचं तेल चरबीसारखं घट्ट का?

कोकमतेलातल्या मेदाम्लांत निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं आणि उरलेलं बरंचसं ओलेइक. दोन्हींच्या साखळीत कार्बनचे अणू १८च. तरी शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ओलेइक १३ अंशांनाच. फरक एका दुहेरी बंधाचा. ओलेइकच्या साखळीत तो बरोबर मध्यावर असतो आणि तिथे साखळी वाकते. स्टिअरिकच्या साखळ्या रचून ठेवलेल्या सरळ फाट्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. वाकड्या साखळीला तसं बसता येत नाही. कोकमतेलाच्या बहुतेक रेणूंत दोन्ही टोकांना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक अशी मांडणी असते. इतके एकसारखे रेणू नीट रचले जातात, म्हणून मुठेल ४० अंशांच्या आसपास वितळतं. चॉकलेटमधल्या कोको बटरचीही मांडणी याच धर्तीची असते, म्हणून कोकमतेल त्याच्या जागी चालतं.

हाच गुण साबणात उतरतो. स्टिअरिकचा साबण कडक होतो, पटकन झिजत नाही, पण त्याची लांब साखळी गार पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून फेस बेताचा. पाणी खारं असेल तर आणखी पंचाईत. मिठातले सोडियम आयन भोवती दाटले की साबणाचे रेणू पाण्यात टिकत नाहीत, पांढरा साका होऊन बाहेर पडतात. कारखान्यांत मीठ घालून साबण वेगळा काढतात तो याच तत्त्वावर. खोबरेल तेलातलं मुख्य मेदाम्ल लॉरिक, साखळी १२ कार्बनची. तिचा साबण मीठ बराच सोसतो, म्हणूनच समुद्राच्या पाण्यात वापरायचे खलाशांचे साबण खोबरेल तेलाचे असत. मे महिन्यात विहीर मचूळ होणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावांत नुसत्या कोकमतेलाची वडी करू नये. एक तृतीयांश तरी खोबरेल घालावं. साखळ्या आखूड म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू जास्त, तेव्हा खोबरेलाला १०० ग्रॅममागे सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक धरावा.

'या साबणाने टाचांच्या भेगा भरतात' या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नका. साबण झाल्यावर ते तेल जवळजवळ उरतच नाही, आणि जे थोडं उरतं ते पाण्याबरोबर वाहून जातं. भेगेला हवा असतो कातडीतलं पाणी उडू न देणारा थर. त्यासाठी मुठेलच थोडं कोमट करून रात्री टाचेला चोळावं.