बारीक केलेले सोने पिवळेच दिसते का?

‘अस्सल सोने कितीही बारीक केले तरी पिवळेच राहते, लाल दिसले तर भेसळ समजावी,’ हा समज जालना-लातूरकडच्या सराफ्यातही ऐकू येतो. दागिन्यापुरते त्यात तथ्य आहे, कारण तांब्याने सोन्याला लाली येते. मात्र पाण्यात विखुरलेले सुमारे 20 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) शुद्ध सुवर्णकण 520 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात आणि पाणी माणकासारखे लाल दिसते. तेच कण काचेवरील पातळ थरात जवळजवळ आले, की शोषण हिरव्याकडून तांबड्या प्रकाशाकडे सरकते व थर निळसर-जांभळा भासतो. म्हणूनच अशा थराच्या परावर्तनाचे गणित मांडताना ठोस सोन्याचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात कसा वागतो हे सांगणारा अंक) जसाच्या तसा वापरून भागत नाही, कणांचा आकार, त्यांतील अंतर व भोवतालचे माध्यमही धरावे लागते. पडताळा सोपा आहे: औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवरील लाल रेघ बहुधा सुवर्णकणांचीच असते.