उंदरांना झालेला हाडाचा कॅन्सर आणि १८ वर्षं टिकलेली काळी चौकट

टेरिपॅराटाइड या हाडं ठिसूळ होण्यावरच्या इंजेक्शनचं नाव काढलं की "उंदरांना कॅन्सर झालेला ते ना?" हे अजून ऐकू येतं, म्हणून मागचं थोडं सांगतो. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनमधल्या ८४ अमिनो आम्लांपैकी पहिली ३४ म्हणजे हे औषध.

तसं हे हार्मोन हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात आणणारं, पण १९३० च्या आसपासच उंदरांना ग्रंथीच्या अर्काचे छोटे डोस दिल्यावर हाड वाढताना दिसलं होतं. पुढे कित्येक वर्षं ते तसंच पडून राहिलं. १९७० च्या दशकात हा तुकडा लॅबमध्ये बनवता आला, मग कळलं की सगळी गोम वेळेत आहे, सतत सोडत राहिलं तर हाड झिजतं आणि रोज एकदा टोचलं तर भरतं. हे मोजायला उंदराला काही दिवसांच्या अंतराने दोनदा चमकणारा रंग देतात, नंतर हाडाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली धरला की दोन रेषा दिसतात, मधलं अंतर म्हणजे तेवढ्या दिवसांत चढलेलं नवं हाड. टेस्टसाठी मुख्यतः अंडाशय काढलेल्या माद्या वापरतात, कारण पाळी गेल्यावर बायकांचं होतं तसं त्यांचं हाड विरळ होतं, तेही काही आठवड्यांत.

खरा वाद १९९८ चा. साधारण दोन महिन्यांच्या उंदरांना जवळपास दोन वर्षं, म्हणजे आयुष्यभरच, रोज औषध दिलं होतं आणि तिन्ही डोसच्या गटांत हाडाचा कॅन्सर सापडला. १६३७ बायकांवर चालू असलेली ट्रायल मधेच थांबवली, तरी तोवर २० मायक्रोग्रॅमच्या गटात मणक्याची नवीन फ्रॅक्चर्स ६५ टक्क्यांनी कमी झालेली. २००२ ला अमेरिकेत परवानगी मिळाली, पण लेबलवर काळ्या चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा आणि दोन वर्षांची मर्यादा घालूनच.

त्या वेळी चौकट घालणं बरोबरच होतं, पण "उंदरांत कॅन्सर" या दोन शब्दांत काय काय झाकलं गेलं ते बघा. उंदराची हाडं बहुतेक आयुष्यभर वाढतच असतात, औषध कोवळ्या वयात सुरू केलेलं, आणि शरीरात माणसाच्या ३ ते ६० पट पोचत होतं. पुढच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या उंदरांना सगळ्यात कमी डोस दिला तेव्हा गाठी झाल्या नाहीत, जास्त डोसला मात्र झाल्या, हेही सांगायलाच हवं. मग अंडाशय काढलेल्या मॅकाक माकडांना १८ महिने औषध देऊन आणखी तीन वर्षं सांभाळलं, त्यांच्यात एकही गाठ नाही. आमच्या आत्याने मात्र चौकट वाचली आणि इंजेक्शनचं पेन फ्रीजच्या दारातच राहिलं, तिचा पाठीचा बाक बघितला की अजून वाईट वाटतं.

माणसांत वर्षानुवर्षं नजर ठेवून धोका वाढलेला दिसला नाही, तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये चौकट गेली. २०१७ ला आलेल्या अबालोपॅराटाइड या तशाच औषधालाही उंदरांमुळेच तीच चौकट लागली होती, ती २०२१ मध्ये काढली. हाडांवर रेडिएशन घेतलेल्यांना आणि ज्यांची हाडं अजून वाढतायत अशा मुलांना मात्र हे औषध टाळायलाच सांगतात.