यादीत नसलेला आजार: स्मृतिभ्रंश आणि दिव्यांग दाखल्याची पार्श्वभूमी

दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरताना एका टप्प्यावर अपंगत्वाचा प्रकार निवडावा लागतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरवलेले २१ प्रकार तिथे ओळीने येतात. आईचा किंवा वडिलांचा डिमेन्शिया घेऊन आलेला माणूस ही यादी दोनदा वर-खाली करतो. पार्किन्सन सापडतो, मल्टिपल स्क्लेरोसिस सापडतो, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ला, सगळं सापडतं. अल्झायमर नाही, डिमेन्शिया नाही, स्मृतिभ्रंशही नाही. मग अर्ज भरून देणारा मुलगा मान वर न करता सांगतो, "ते मेंटल इलनेसमध्ये टाका."

सल्ला बरोबर आहे. पण हा आजार त्या रकान्यात भाडेकरूसारखा राहतो. रकाना दुसऱ्यांसाठी बांधलेला होता, आणि पुढची बहुतेक दमछाक त्यातूनच होते.

मेंदूचा आजार की मनाचा, हा घोळ जन्मापासूनचा आहे. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची पन्नाशीतली बाई दाखल झाली. तिला तपासणारे अलॉइस अल्झायमर हे मनोविकारतज्ज्ञ. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिचा मेंदू त्यांनीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातल्या गाठी-गुठळ्यांचं वर्णन त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत मांडलं. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी मनोविकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या आजाराला, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला, अल्झायमरचं नाव दिलं. खराबी मेंदूच्या पेशींत आणि नोंद मनोविकारांच्या वहीत, असा प्रकार. आजही एकाच शहरात एकाची आई न्यूरॉलॉजिस्टकडे जाते आणि दुसऱ्याची सायकिअॅट्रिस्टकडे, आणि दोघांच्याही चिठ्ठीवर औषध बरेचदा एकच असतं.

आपल्याकडे तर तो बराच काळ आजारच नव्हता. 'साठी बुद्धी नाठी' म्हणायचं, म्हातारचळ म्हणायचं आणि दाराला आतून वरची कडी लावून घ्यायची. या रुग्णांच्या कुटुंबांसाठी देशपातळीवरची संघटना, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया, केरळात सुरू झाली तीच मुळी १९९२ मध्ये. साठीपुढच्या लोकांच्या देशव्यापी पाहणीवरून अलीकडे काढलेला अंदाज ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांचा आहे.

पहिला अपंग कायदा १९९५चा, लागू झाला फेब्रुवारी १९९६ मध्ये. त्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि सगळ्यात शेवटी मानसिक आजार. या शेवटच्याची व्याख्या एका ओळीची होती: मतिमंदत्व सोडून कोणताही मानसिक विकार. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट तेव्हापासूनचीच. आता पाय किती वाकतो, कान किती ऐकतो हे मोजता येतं. मानसिक आजाराचे टक्के मोजायचे कसे, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. ते मिळायला आणखी सहा वर्षं गेली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने एक मोजपट्टी तयार केली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्राने ती अधिसूचित केली. तिचं नाव आयडियाज. त्या वेळी लाभासाठी पात्र धरलेले आजार चारच: स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी (मंत्रचळ) आणि डिमेन्शिया. म्हणजे डिमेन्शिया सरकारदरबारी पहिल्यापासून होता. फक्त ज्यांच्या पंगतीत बसला, त्या पंगतीचं ताट तरुणांच्या मापाचं होतं.

ही पट्टी नीट बघण्यासारखी आहे, कारण आजही टक्के तिच्यावरच ठरतात. चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. त्यात आजार किती वर्षं आहे याचे गुण मिळवायचे. दोन वर्षांच्या आत एक, दोन ते पाचला दोन, सहा ते दहाला तीन, दहाच्या वर चार. एकूण वीस. सात-आठच्या आसपास ४० टक्क्यांची रेषा येते, १४ ते १९ म्हणजे ७१ ते ९९ टक्के, आणि २० म्हणजे पूर्ण १००.

विशीत सुरू होऊन जन्मभर सोबत राहणाऱ्या स्किझोफ्रेनियाला हे गणित शोभतं. डिमेन्शियाला लावून बघा. अंथरुणाला खिळलेली, डायपर लावलेली, मुलाचं नाव न सांगता येणारी बाई चारही गोष्टींत चार-चार गुण घेऊन सोळावर पोचते. कागदावर आजार तीन वर्षांचा असेल तर अठरा. शंभर टक्के व्हायला दहा वर्षांहून जास्त आजारी असल्याचे पुरावे हवेत, आणि यातली पुष्कळ माणसं तेवढी जगत नाहीत. शिवाय सुरुवात कधी झाली हे ठरवायचं कशावरून? दवाखान्याचा पहिला कागद ज्या तारखेचा, आजार त्या तारखेचा. त्याआधीची दोन-तीन वर्षं आपण 'वय झालं' म्हणून सोडून दिलेली असतात.

'काम' हा गुण तर म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हातातच येत नाही. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेल्याची कामाची क्षमता किती घटली म्हणायची? घरकाम धरलं तरी आपल्या घरांत सून आली की सासूचं स्वयंपाकघर तसंही सुटतं. ते आजारामुळे सुटलं की रीत म्हणून, हे परक्या डॉक्टरला पंधरा मिनिटांत कळणार कसं?

मी आईला सिव्हिलला नेलं तो बुधवार होता. साडेसातपासून केसपेपरची रांग, मग बाकावर तीन तास. पहाटे तीनला उठून "मला माझ्या घरी नेऊन सोड" म्हणत दार वाजवणारी आई डॉक्टरांपुढे पदर सावरून ताठ बसली.

"आजी, घरी स्वयंपाक कोण करतं?"

"कोण म्हणजे? मीच. पुरणपोळी तर माझ्याच हातची लागते सगळ्यांना."

दुधाचं पातेलं जळून कोळसा झाल्यापासून आम्ही सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवत होतो. पण आईच्या तोंडावर, तिच्यासमोर, ती सांगते ते खरं नाही असं कसं म्हणायचं? पाहुण्यांपुढे सावरून बसायचं हे या आजारात बरंच उशिरा जातं. तपासणीच्या खोलीत नेमकं तेच आडवं येतं. डॉक्टर जाणते होते. त्यांनी आईला वहिनीबरोबर बाहेर पाठवलं आणि मला विचारलं. सगळ्यांच्या नशिबी असे डॉक्टर नसतात, आणि प्रत्येक सिव्हिलला मनोविकारतज्ज्ञ हजर असतोच असंही नाही. बाहेर आल्यावर बाकावरच्या अनोळखी बाईने आपुलकीने विचारलं, "किती टक्के बसले?" तिथे हीच ओळख असते.

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली आणि नवा कायदा करणं भाग पडलं. तो डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सातचे २१ प्रकार झाले. 'जुनाट मज्जाविकार' असा नवा गट आला आणि त्यात पार्किन्सनला नावासकट जागा मिळाली. अल्झायमरला तिथे सहज बसवता आलं असतं. तसं झालं नाही. मानसिक आजाराची व्याख्या मात्र रुंदावली: विचार, भावस्थिती, संवेदन, दिशा-काळाचं भान किंवा स्मृती यांतला असा विकार की ज्याने निर्णयशक्ती किंवा रोजचं जगणं कोलमडतं. 'स्मृती' हा तो एक शब्द. आज डिमेन्शियाचा दाखला मिळतो तो त्या शब्दाच्या आधाराने.

गंमत म्हणजे प्राप्तिकर खात्याला हा आजार नावाने ठाऊक आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ८०डीडीबीच्या नियमांत मज्जाविकारांची यादी आहे आणि त्यात पहिलंच नाव डिमेन्शियाचं. तिथे न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी लागते, ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारखर्चावर १ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. शेजारच्या ८०डीडी कलमात अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी ७५ हजारांची, आणि ८० टक्क्यांपुढे सव्वा लाखाची वजावट आहे. तिला सरकारी दाखला लागतो. म्हणजे एकीकडे आई मज्जाविकाराची रुग्ण, दुसरीकडे मानसिक आजाराची. फायली दोन, झेरॉक्सचे गठ्ठेही दोन. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली त्यांना यातलं काहीच नाही.

गरीब घरात कर हा प्रश्नच नसतो, तिथे प्रश्न पेन्शनचा. राज्याची संजय गांधी निराधार योजना १९८०ची. दिव्यांगांना तीत जागा आहे, पण ती ६५ वर्षांखालच्यांसाठी. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना, जी म्हातारपणाकडे बघते. डिमेन्शिया बहुधा पासष्टीनंतरच येतो, त्यामुळे सरकारच्या लेखी तो माणूस आधीच 'वृद्ध' या खात्यात गेलेला असतो. श्रावणबाळसाठी वर्षाला २१ हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. डायपरचा खर्चही त्यात निघत नाही. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन २००९ मध्ये सुरू झाली. ती दारिद्र्यरेषेखालच्यांना, ८० टक्के अपंगत्व असेल तर, आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये.

मला यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या सगळ्या तरतुदींच्या डोळ्यांपुढे अपंग मूल आणि त्याला सांभाळणारे आईबाप आहेत. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता आहे; त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून मिळतो, पण डिमेन्शियाला ती वाट बंद. केंद्रीय कर्मचाऱ्यांना बदलीतून सूट देणारं परिपत्रक जून २०१४ मध्ये निघालं ते अपंग अपत्याच्या आईवडिलांसाठी. आईवडील, जोडीदार, भावंडं यांना सांभाळणारे कर्मचारी त्यात आले ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. आणि ज्येष्ठांसाठी २००७ मध्ये झालेला कायदा आईबापांना टाकून देणाऱ्या मुलांकडून पोटगी वसूल करण्याचा आहे. जो टाकत नाही, रजा संपल्यावर बिनपगारी घरी बसतो, त्याचा या कायद्याला विसर पडला.

पैशांचा सगळ्यात अवघड तिढा बँकेत होतो. आईचीच पेन्शन, तिचंच खातं, पण सही जुळत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. २०१४ मध्ये तो डिजिटल झाला, पण बोटांच्या रेषा भांडी घासून पुसलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवून काम होतं, तिथे डोळे मिचकावायला सांगतात, आणि आई विचारते, "कुणाला डोळा मारू?" आम्ही हसलो. बँकेतली मुलगीही हसली. काम तिसऱ्या खेपेला झालं.

खातं चालवायचं तर पालक म्हणून नेमणूक हवी. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून पालक किंवा मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घेता येत होता. तो कायदा रद्द होऊन मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. नव्या कायद्यात उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, मालमत्तेचं प्रकरणच नाही. दिव्यांग कायद्यातलं मर्यादित पालकत्व निर्णयाला आधार देण्याच्या कल्पनेवर उभं आहे. ज्याच्याकडून निर्णयच येत नाही त्याचं काय, तिथे ते अडखळतं. म्हणून लोक उच्च न्यायालयात रिट याचिका घेऊन जातात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही अशाच अवस्थेतल्या एका माणसाच्या पत्नीला पालक नेमलं. मुखत्यारपत्राचा पर्याय वकील सुचवतात, पण ते समज शाबूत असतानाच करायचं, आणि आपल्याकडे ती समज गेल्यावरच मुखत्यारपत्र आठवतं.

आईला ४५ टक्के बसले. प्रमाणपत्र मुदतीचं आहे, मुदत संपली की पुन्हा तपासणी. बरा न होणारा, पुढेपुढेच जाणारा आजार बरा झाला का ते बघायला. पुढच्या बुधवारासाठी मी एक दोनशे पानी वही केली आहे: तारीख, वेळ, काय झालं, कोण घरी होतं. पहिली नोंद दुधाच्या पातेल्याची आहे. तिची तारीख मला गॅस एजन्सीच्या पावतीवरून शोधावी लागली.