पार्श्वभूमी : काउकाउइंगचा गहू, हिल 60चा खंदक आणि ह्यूगो थ्रोसेल

ऑस्ट्रेलियाचा सैनिक ह्यूगो थ्रोसेल याचं नाव निघालं की तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पातली 29 ऑगस्ट 1915ची रात्र सांगितली जाते. पहिल्या महायुद्धात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आलेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, त्याच रात्रीचा, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण हा माणूस त्या खंदकात पोचला तो नापिकीमुळे, आणि युद्धानंतर त्याला संपवलं ते कर्जानं. शेती बाजूला ठेवून त्याची लष्करी कारकीर्द नीट समजत नाही.

थ्रोसेलचा जन्म 1884 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थमचा. वडील जॉर्ज थ्रोसेल हे तिथले धान्याचे मोठे व्यापारी. 1901 मध्ये काही महिने ते पश्चिम ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्रीही होते. म्हणजे घर खातंपितं, शिक्षण अॅडलेडच्या प्रिन्स आल्फ्रेड कॉलेजात. तरीही ह्यूगो उत्तरेकडच्या गुरांच्या रानात राबला आणि मग भाऊ रिकबरोबर त्यानं काउकाउइंगला जमीन घेतली.

काउकाउइंग हा खाऱ्या सरोवराकाठचा, गव्हाच्या पट्ट्यातला कोरडा भाग. पाऊस वर्षाकाठी साधारण 300 ते 350 मिलिमीटर, आणि तोही बहुतेक मे ते ऑक्टोबर या तिथल्या थंडीच्या महिन्यांत. पेरणी त्याच्या सुरुवातीच्या सरींवर होते. सप्टेंबरात दाणा भरायच्या वेळी पाऊस दडी मारून बसला तर हिरवंगार दिसणारं पीकही पोचट निघतं. नवी जमीन तयार करणं हे तर वर्षानुवर्षांचं काम. आधी बुंध्याभोवती सालीचा पट्टा काढून झाडं उभी वाळवायची, मग तोडून पेटवायची आणि राखेत नांगर घालायचा. मुळं जमिनीतच राहतात, म्हणून त्या देशात बिजागरीवर बसवलेल्या फाळांचा नांगर निघाला. फाळ मुळावर आदळला की वर उचलला जातो, मूळ ओलांडून गेला की वजनानं पुन्हा जमिनीत शिरतो. माती मुळात स्फुरदाला इतकी गरीब की सुपर फॉस्फेटशिवाय गव्हाचा उतारा पडत नाही. थोडक्यात, पहिलं पोतं बाजारात जाण्याआधीच नांगर, घोडे, बियाणं, खत असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. त्यात 1914चा दुष्काळ आला. त्या भागाच्या आठवणीतल्या सर्वांत वाईट वर्षांपैकी ते एक.

ऑक्टोबर 1914 मध्ये दहावी लाइट हॉर्स रेजिमेंट उभी राहू लागली आणि दोघे भाऊ तीत भरती झाले. देशप्रेम होतंच, पण रिकाम्या शेतावरच्या माणसाला लष्कराचा नियमित पगार दिसत नव्हता, असं मानणं भोळेपणाचं ठरेल. शिवाय घोड्यावर बसणं आणि बंदूक चालवणं हे या मुलांना छावणीत शिकवावं लागत नव्हतं. अनेक जण स्वतःचा घोडा घेऊन येत. तो मापात बसला तर सरकार विकत घेई. हे वेलर जातीचे घोडे भारतातल्या ब्रिटिश फौजेला आधीपासूनच ठाऊक होते, कारण तिच्यासाठी ते अनेक दशकं जहाजानं आणले जात होते.

लाइट हॉर्सचा सैनिक घोड्यावरून पोचे आणि पायउतार होऊन लढे. चार जणांच्या गटातला एक चारही घोडे धरून मागे थांबे, म्हणजे गोळीबाराच्या रांगेतला चौथा हिस्सा कमी होई. गॅलिपोलीच्या कडेकपारींत मात्र घोड्यांचा उपयोगच नव्हता. रेजिमेंट पायदळ म्हणून उतरली आणि घोडे इजिप्तमध्ये राहिले. त्या काळात थ्रोसेलही इजिप्तमध्येच मागे होता. (गॅलिपोलीत पाणी आणि दारूगोळा वर पोचवण्याचं काम खेचरं करत, त्यांत भारतीय खेचरदळाचा वाटा मोठा.)

तो 4 ऑगस्ट 1915 ला उतरला. तीन दिवसांनी, 7 ऑगस्टच्या पहाटे, नेकच्या चिंचोळ्या पट्टीवर तिसऱ्या लाइट हॉर्स ब्रिगेडच्या एकामागून एक रांगा मशीनगनसमोर पाठवल्या गेल्या. 234 जण ठार झाले. थ्रोसेल वाचला आणि त्या हल्ल्याला उघडपणे मूर्खपणा म्हणत राहिला.

हिल 60 ही टेकडी जेमतेम 60 मीटर उंच, पण अँझॅक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेची) आणि सुव्हला या दोन आघाड्यांच्या सांध्यावरची. 29 ऑगस्टला अंधारात दहाव्या रेजिमेंटनं खंदकाचा एक भाग घेतला. आता तुर्क त्याच खंदकाच्या पुढच्या भागात, म्हणजे मधे आडवा बांध घातल्याशिवाय निभाव नाही. पोती रचली जात असताना थ्रोसेल पहाऱ्याला उभा राहिला आणि चालून आलेले पाच तुर्क त्यानं टिपले. मग हातबाँबची लढाई जुंपली.

इथं हत्यारांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. अँझॅकचे बरेच बाँब किनाऱ्यावरच बनत. जॅमच्या रिकाम्या डब्यात स्फोटक, खिळे, काटेरी तारेचे तुकडे आणि वर वात, ती काडीनं पेटवायची. वात दमट झाली किंवा वाऱ्यानं काडी विझली की डबा निकामी. तुर्की बाँब बिडाचा, क्रिकेटच्या चेंडूएवढा गोल, आणि त्याची वात लांब. म्हणून तो पडल्यावर उचलून परत फेकायला काही क्षण मिळत. पण किती वात आधीच जळून गेली आहे हे कळायला मार्ग नसे. कॉर्पोरल सिड फेरियरच्या हाताच्या याच कामात चिंधड्या उडाल्या. तो पुढे दगावला. उचलायला वेळ नसेल तर बाँबवर वाळूचं पोतं टाकायचं. त्या रात्री तिथं 3,000हून अधिक बाँब फेकले गेले. थ्रोसेलच्या माणसांना तीनदा थोडं मागं सरून नवा बांध घालावा लागला, पण खंदक सुटला नाही. सकाळी त्याला कुणी सिगारेट दिली तर ती ओठांपर्यंत नेता येईना, खांदे आणि हात इतके आखडले होते. सदऱ्याची चाळण झाली होती आणि खांद्यावरचा ‘ऑस्ट्रेलिया’ लिहिलेला धातूचा बिल्ला वाकून मांसात घुसला होता. जखमा बांधून तो पुन्हा आघाडीवर गेला. डॉक्टरांनी हुकूम केल्यावरच हटला. टेकडीचा माथा मात्र शेवटपर्यंत तुर्कांकडेच राहिला.

एप्रिल 1917 मध्ये गाझाच्या दुसऱ्या लढाईत रिक बेपत्ता झाला. त्या रात्री ह्यूगो प्रेतांमधून सरपटत, लहानपणीची खुणेची शीळ घालत त्याला शोधत फिरला. रिक सापडला नाही.

1919 मध्ये त्यानं लेखिका कॅथरीन सुझाना प्रिचर्डशी लग्न केलं आणि दोघं पर्थजवळ ग्रीनमाउंटला राहू लागली. त्याच वर्षी नॉर्थमच्या शांतता समारंभात, जिथं त्याच्याकडून पराक्रमाच्या गोष्टी अपेक्षित होत्या, त्यानं सांगितलं की युद्धानं आपल्याला समाजवादी केलं आहे. वडिलांच्या गावात, त्या सालात, हे बोलायला हिल 60पेक्षा कमी धैर्य लागलं असेल असं वाटत नाही. अनेक जुने स्नेही दुरावले.

निवृत्त सैनिकांना जमिनी देणाऱ्या सरकारी मंडळावर तो सैनिकांचा प्रतिनिधी होता. ही योजनाच देशभर फसली. 1929 मध्ये न्यायमूर्ती पाइक यांच्या चौकशीनं तोटा सुमारे 2 कोटी 35 लाख पौंडांचा ठरवला. भांडवल नाही, कुटुंब पोसायला जमिनीचे तुकडे अपुरे, अनेकांना शेतीचा अनुभव नाही आणि शेतमालाचे भाव पडलेले, ही त्यातली मुख्य कारणं. मंदीत गव्हाचा भाव आणखी कोसळला. थ्रोसेलची नोकरी गेली, ग्रीनमाउंटच्या जमिनीत अडकलेले पैसे सुटेनात, लार्किनव्हिलला सोनं शोधून पाहिलं तेही हाती लागलं नाही. 1933 मध्ये त्यानं स्वतःच्या जागेत घोडेस्वारीचा मोठा खेळ भरवला. माणसं भरपूर आली. पण रविवारी तिकीट लावायला कायद्यानं बंदी, त्यामुळे नुसती वर्गणी गोळा झाली आणि कर्ज वाढलं.

19 नोव्हेंबर 1933 ला त्यानं जीवन संपवलं. पत्नी तेव्हा परदेशात होती. युद्धातल्या अनुभवांतून आपण कधीच सावरलो नाही, असं त्यानं मृत्युपत्रावर लिहून ठेवलं होतं. पत्नीला आणि मुलाला युद्धाचं निवृत्तिवेतन मिळावं हा त्यामागचा हेतू. कॅराकाटाच्या दफनभूमीत लष्करी इतमामानं त्याचा अंत्यविधी झाला.

पुढे मुलगा रिक, काकाचंच नाव लावणारा, यानं 1983 मध्ये वडिलांचा व्हिक्टोरिया क्रॉस अण्वस्त्रविरोधी चळवळीला देऊन टाकला. माजी सैनिकांच्या संघटनेनं तो विकत घेतला आणि कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलला दिला.