व्हेंटिलेटर आला कुठून?

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आयसीयूबाहेर 'व्हेंटिलेटर लावलाय' असं कानावर पडलं की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. आता काही खरं नाही, असंच सगळे धरून चालतात. पण हे यंत्र रुजलं तेच मुळी जगू शकणाऱ्या माणसांसाठी.

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. पेशंटला गळ्यापर्यंत पिंपात झोपवून छाती फुगवणारं 'लोखंडी फुफ्फुस' तेव्हा वापरात होतं, पण तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात ते एकच. श्वास लुळा पडलेल्या पहिल्या ३१ पेशंटपैकी २७ जण तीन दिवसांत दगावले. तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने भूल देतानाची रीत वॉर्डात आणली: गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि पिशवी दाबून हवा आत सोडायची. बारा वर्षांची एक मुलगी त्यामुळे वाचली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढे त्या हातांची जागा यंत्राने घेतली आणि आयसीयू ही व्यवस्था उभी राहिली ती यातूनच.

आपल्याकडे हे सगळ्यात लख्ख दिसतं मण्यारीच्या दंशात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, खूण धड दिसतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास. गगनबावड्याकडून निघालेल्या गाडीत कुणीतरी अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत येतं. तीही १९५६ ची, डेन्मार्कचीच. प्रतिविष द्यायलाच हवं, पण आधीच बसलेला लकवा त्याने लगेच सुटत नाही. नसांची टोकं सावरेपर्यंत काही दिवस यंत्राने श्वास द्यायचा. फुफ्फुसं धड असतात, त्यामुळे वेळेत पोचलेला माणूस बहुधा चालत घरी जातो.

न्यूमोनियाने फुफ्फुसंच बिघडली असतील तर काम अवघड. पूर्वी मोठमोठे श्वास देत. २००० साली ८६१ पेशंटच्या अमेरिकी अभ्यासात दर श्वासाला वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यू सुमारे ४० वरून ३१ टक्क्यांवर आले. हे वजन उंचीवरून काढतात, काट्यावरून नव्हे. म्हणून झोपलेल्या पेशंटच्या डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावली जाते.

नळी काढायची तयारीही लवकर सुरू होते. पेशंट स्थिरावला की सकाळी झोपेचं औषध थांबवतात, यंत्राचा आधार कमी करून अर्धा ते दोन तास त्याला स्वतःचा श्वास घेऊ देतात. जमलं, खोकलाही जोरात आला, तर नळी निघते. नाही तर दुसऱ्या सकाळी पुन्हा.