नववीला महापूर, दहावीला कोरोना: सांगलीच्या मुलांच्या मनावर साठत गेलेला ताण

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी नववीत असलेल्या पोरापोरींकडे पाहिल्याशिवाय कोरोनात इथल्या घरांमध्ये काय झालं ते उलगडत नाही, असं मला वाटतं.

पुरात दप्तरं गेली, वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि ओळखीची माणसं पाण्यात गेली. किती तरी कुटुंबं शाळांच्या वर्गांत मुक्कामाला होती. पाणी उतरल्यावर पंचनामे झाले ते घरांचे, जनावरांचे, पिकांचे. रात्री पावसाचा आवाज आला की दचकून उठणाऱ्या पोरीचा पंचनामा कुठल्या रकान्यात बसणार? सावरायला आठ महिनेही मिळाले नाहीत.

मार्च २०२० च्या शेवटी इस्लामपुरात एका कुटुंबातून लागण पसरली, रुग्णांची संख्या पंचवीसच्या आसपास गेली आणि राज्यभर गावाचं नाव झालं. बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी आले, पण तोवर भीतीने आपलं काम केलं होतं. पुढे विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारे, देशभरातून परतू लागले, साताऱ्याकडे मुंबईतले माथाडी आपापल्या गावी येऊ लागले. वेशीवर काटे टाकून रस्ते अडवले गेले. आलेल्यांना चौदा दिवस गावच्या शाळेत ठेवत. पुरात आसरा देणारी तीच शाळा आता लांबून बघायची जागा झाली. परगावाहून आलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला कालपर्यंतचे सवंगडी टाळू लागले, तर ते कुणापाशी बोलणार?

या भागाला साथ नवी नव्हती. १८९६ ला मुंबईत आलेला प्लेग लवकरच सातारा जिल्ह्यात पोचला. याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. त्या वर्षीचाच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा हाती घेतला गेला. तो कायदा रोगाच्या बंदोबस्तासाठी होता, मनाची सोय त्यात नव्हती. मात्र गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, काळात लोक गाव सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहत. हाल मोठे, पण चूल आणि शेजार बरोबर असायचा. कोरोनात उपायच अंतराचा होता. आईवडिलांपेक्षा मित्रमैत्रिणींजवळ मन मोकळं करण्याच्या वयात मुलं घरात अडकली, घरात फोन एकच, आणि बाप कामावर निघाला की तोही त्याच्याबरोबर. मोठ्यांचा धंदा बसलेला, हप्ते थकलेले. मुलांना कुणी काही सांगत नव्हतं, तरी त्यांना सगळं कळत होतं. म्हणून चिडचिड, अबोला, जेवणावरचं मन उडणं याला ‘आळस’ किंवा ‘मोबाइलचा नाद’ म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

आता परीक्षेचं बघा. एप्रिल २०२० मध्ये नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली, निकाल पहिल्या सत्रावर आणि अंतर्गत मूल्यमापनावर लागला. पहिलं सत्र म्हणजे पुराचं सत्र. पुढच्या वर्षी, २० एप्रिल २०२१ ला, दहावीची बोर्डाची परीक्षाही रद्द झाली आणि नंतर ठरलं की निम्मे गुण नववीच्या निकालावरून धरायचे. चिखलातून उठून दिलेला पेपर असा दहावीच्या गुणपत्रिकेत येऊन बसला. १६ जुलैला राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, आणि ‘फुकटात पास’ हे बोल याच मुलांनी ऐकले. आठवडाभरात कृष्णा पुन्हा चढली, या वेळी ५५ फुटांच्या आसपास. गाळ उपसता उपसता ज्या अकरावी प्रवेश परीक्षेचा अभ्यास चालला होता, ती १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्द केली.

आधाराची व्यवस्था कागदावर अगदीच नव्हती असं नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याची जिल्हा पातळीवरची योजना १९९६ ची. १० ते १९ वयोगटासाठीचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये आला आणि त्यात मानसिक आरोग्यही होतं. पण २०२० मध्ये आरोग्य खात्याची माणसं साथीच्या कामाला जुंपली गेली. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार फिरल्या, ताप आणि ऑक्सिजन मोजून गेल्या. त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं. ‘झोप लागते का गं?’ एवढं विचारायला मात्र त्यांच्या तक्त्यात जागा नव्हती. विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ जुलै २०२० मध्ये आणि सर्वांसाठी ‘किरण’ ही दूरध्वनी सेवा सप्टेंबरमध्ये सुरू झाली खरी, पण एका फोनच्या घरात, सगळ्यांच्या देखत, कुठली पोर तिथे बोलणार होती?

१४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. तोवर ही मुलं बारावीत पोचली होती.