वणव्याच्या दिवसांत कुत्र्याला कुठे फिरवावं

"पहिले जंगलाच्या कडेनं न्यायचे, आता बोडीच्या पारीवरच (लहान तळ्याच्या बांधावरच) का फिरवता?" उन्हाळ्यात आमच्याकडे कुत्रा सांभाळायला ठेवणारे बहुतेक जण हे विचारतात. घाईत उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीकडचं जंगल फेब्रुवारीपासून जूनपर्यंत कुठे ना कुठे पेटतच असतं. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून जाळतात, आणि सागाचा वाळला पाला ती आग पुढे नेतो. मोठी झाडं वाचतात, रोपटी जातात. दरवर्षी हेच झालं की सावली विरळ होते, आणि मोकळ्या जागेत रायमुनिया (घाणेरी), रानतुळस आणि कुसळी गवत माजतं. कडेची जुनी वाट आता तशी झाली आहे.

जळलेली जागा साफ दिसते, लांबवर नजर जाते, म्हणून पुष्कळ जण कुत्रा मुद्दाम तिथंच मोकळा सोडतात. वरची राख थंड लागते, पण खुंट आणि मुळ्या आतून कित्येक दिवस धुमसतात. पाय आत गेला की पंजाची गादी सोलून निघते. राखेवर दव किंवा अवकाळी पाऊस पडला तर ज्या गुणानं ती भांडी घासते, त्याच गुणानं बोटांच्या बेचक्यातली कातडी खाते. पुढे तिथं कोवळं गवत फुटतं, चितळं येतात, त्यांच्यामागे बिबट आणि वाघ. कुत्रा तर बिबट्याची आवडती शिकार.

आता मुख्य गोष्ट. पाय पोळला की घरी तेल-हळद, टूथपेस्ट, क्वचित गाडीचं जळकं ऑइलही लावतात आणि मग आमच्याकडे आणून सोडतात. तेलात राख बसून घट्ट लेप होतो. तो काढल्याशिवाय जखम दिसत नाही, आणि काढताना कुत्रा कळवळतो, चावतो. दोन माणसं अडकतात, बाकीच्या कुत्र्यांची फेरी उशिरा होते. कृपा करून काहीही लावू नका. साध्या गार पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटं सोडा, बर्फ नको, स्वच्छ ओलं फडकं सैल गुंडाळा आणि थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. लंगडणं, पंजा सारखा चाटणं ही खूण पुरेशी आहे. आमच्याकडे सोडताना "जळलेल्या जागेतून आला आहे" एवढं सांगा. कोणी रागावणार नाही.

पावसाळा संपता संपता कुसळं पिकतात. त्यांच्या टोकाचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे कुसळ शिरतं ते पुढेच सरकतं. कान, बेचके, काखा रोज चाचपा. डोकं एका बाजूला झटकणारा कुत्रा दवाखान्यातच न्या, कानात काडी घालू नका.

पारीवर फिरवण्यात आमचा आळस नाही. तिथं पाणी जवळ असतं, जमीन ओलसर राहते आणि कुत्रा सुटला तरी बांधीत (धानाच्या शेतात) दिसतो. उन्हाळ्यात पहाटे उजाडलं की निघतो, ऊन चढण्याआधी परततो. वाट मळहाताने (हाताच्या मागच्या बाजूने) तपासतो. हात पाच-सात सेकंद टेकवत नसेल तर पंजाही टेकवू नये. प्रत्येक फेरीनंतर चारही पाय धुऊन पुसतो. आमचा दर थोडा जास्त वाटतो तो याच मेहनतीचा आहे, आणि ती आम्ही कमी करणार नाही.

फिरताना धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि कुत्र्याला घेऊन धुरापासून दूर, मागे फिरा.

एप्रिल-मेमध्ये लग्नसराईमुळे जागा लवकर भरतात, तारीख ठरली की आधी सांगून ठेवा. सोबत रेबीज व इतर लसींचं कार्ड आणि त्याचं नेहमीचं खाणं आणा. गोचिडाचं औषध दिलं असेल तर केव्हा दिलं तेही कार्डावर लिहून आणा.